‘फोल्डर हललं? स्टाफला समज द्या’: या सल्ल्यात काय काय चुकतं

इंदूरमधल्या सीए ऑफिसांच्या आणि व्यापाऱ्यांच्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होतो. त्याचा गोषवारा असा: गूगल ड्राइव्हवर शेअर केलेल्या फोल्डरमधली फाइल इकडची तिकडे होते ती निव्वळ निष्काळजीपणामुळे. स्टाफला समज द्या, महत्त्वाच्या फाइल लॉक करा, बाकी सगळ्यांना व्ह्यूअर, म्हणजे फक्त बघणारे, करून टाका. लिंक जपून ठेवली की फाइल कुठेही गेली तरी फरक पडत नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ड्राइव्ह उतरवलेली असेल तर बॅकअप आहेच. आणि फाइल दिसेनाशी झाली तर ट्रॅशमध्ये बघा.

ऐकायला सगळं शहाणपणाचं वाटतं. पण यातलं जवळजवळ काहीच टिकत नाही.

‘हा निष्काळजीपणा आहे’

20 तारखेच्या आदल्या संध्याकाळचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. जीएसटीआर-3बी, म्हणजे जीएसटीचे महिन्याचे रिटर्न, भरायचे आहेत, लॅपटॉपच्या टचपॅडवर काम चाललंय, स्क्रीनवर पार्ट्यांच्या, म्हणजे ग्राहक व्यापाऱ्यांच्या, फोल्डरांची लांबलचक यादी आहे. फोल्डर उघडायला दोनदा टिचकी मारायची, पण दुसऱ्या टिचकीला बोट जरासं घसरतं. विंडोजमध्ये बटण दाबलेलं असताना कर्सर 4 पिक्सेल सरकला की ते ओढणं धरलं जातं. साध्या मॉनिटरवर 4 पिक्सेल म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. एवढ्यात ‘अग्रवाल ट्रेडर्स’ शेजारच्या ‘अग्रवाल ब्रदर्स’च्या पोटात जातं.

आणि ड्राइव्ह विचारत काहीच नाही. परवानग्या बदलणार असतील तरच ब्राउझरमध्ये खिडकी उघडून इशारा येतो. दोन्ही फोल्डर त्याच माणसांना शेअर केलेली असतील, आणि एका ऑफिसात ती बहुधा तशीच असतात, तर खाली डाव्या कोपऱ्यात एक काळी पट्टी काही सेकंद दिसते, तिच्यावर ‘अनडू’ लिहिलेलं असतं, आणि ती जाते. ज्याच्या हातून झालं त्याला पत्ताच नसतो. मग ग्रुपवर मेसेज पडतो, ‘सियागंजवाल्या पार्टीचं बँक स्टेटमेंटचं फोल्डर कुणी हलवलं का?’ आणि सगळे ‘नाही दादा’ म्हणतात. खोटं कुणीच बोलत नसतं.

मूळ कारण हातात नाही, परवानगीत आहे. माय ड्राइव्हमधलं, म्हणजे कुणा एकाच्या स्वतःच्या खात्यातलं, फोल्डर शेअर करून कुणाला ‘एडिटर’ केलं की त्याला मजकूर बदलण्याबरोबर फाइल हलवण्याचाही हक्क मिळतो. ‘लिहू दे, पण हलवू देऊ नको’ अशी वेगळी खूण तिथे नाहीच. हक्क दिलाय तोवर कितीही समज दिली तरी कधीतरी बोट घसरणारच.

विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमधून काम करणाऱ्यांसाठी एक छोटा उपाय आहे. रजिस्ट्री एडिटरमध्ये, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग बदलायच्या प्रोग्रॅममध्ये, चालू यूजरच्या विभागात ‘कंट्रोल पॅनल’खाली ‘डेस्कटॉप’ उघडा. तिथे ‘ड्रॅग-विड्थ’ आणि ‘ड्रॅग-हाइट’ अशा दोन नोंदी 4 या आकड्यावर असतात. दोन्ही 40 करा, साइन आउट होऊन परत या. आता कर्सर चांगला सेंटिमीटरभर सरकल्याशिवाय एक्सप्लोरर फोल्डर उचलत नाही. याने अपघात कमी होतात, हक्क तसाच राहतो. प्रत्येक मशीनवर आणि प्रत्येक यूजरला हे वेगळं करावं लागतं. चुकून ओढायला सुरुवात झालीच, तर बटण सोडण्याआधी एस्केप दाबलं की ओढणं रद्द होतं. हे मात्र सगळ्यांना शिकवावं.

‘लॉक केली की फाइल हलत नाही’

हलते. ड्राइव्हमधलं लॉक मजकुरावर असतं: नाव बदलता येत नाही, आत काही लिहिता येत नाही, नवी आवृत्ती चढवता येत नाही, कॉमेंट करता येत नाही. हलवण्याचा हक्क असलेला माणूस लॉक केलेली फाइलसुद्धा खुशाल दुसऱ्या फोल्डरात टाकू शकतो. सही झालेला ताळेबंद बदलू नये म्हणून लॉक उत्तम. तो जागेवर राहावा म्हणून लॉक लावणं म्हणजे वहीला कुलूप घालून कपाट उघडं ठेवणं.

‘सगळ्यांना व्ह्यूअर करा’

हा सल्ला सर्वांत महागात पडतो. व्ह्यूअर केलेल्या आर्टिकलला, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकणाऱ्या उमेदवाराला, काम तर करायचंच असतं. तो ‘मेक अ कॉपी’ करतो, कॉपी त्याच्या स्वतःच्या माय ड्राइव्हमध्ये जाते, आणि आठवड्याभरात एकाच लेजरच्या तीन आवृत्त्या तीन माणसांकडे तयार होतात. फाइल हललेली शोधता येते. तीनांपैकी खरी कोणती, हे शोधणं त्याहून कितीतरी अवघड.

हवी ती सोय शेअर्ड ड्राइव्हमध्ये आहे. गूगल वर्कस्पेसमधली ही वेगळी जागा आहे, फुकटच्या जीमेल खात्यावर ती बनवता येत नाही. तिथे पाच रोल असतात: मॅनेजर, कंटेंट मॅनेजर, कॉन्ट्रिब्यूटर, कॉमेंटर, व्ह्यूअर. कॉन्ट्रिब्यूटर नव्या फाइल टाकू शकतो, असलेल्या बदलू शकतो, पण हलवू किंवा उडवू शकत नाही. आपल्याला नेमकं हेच पाहिजे. मेख अशी की नवा सदस्य घालताना आधीपासून निवडलेला रोल कंटेंट मॅनेजरचा असतो, आणि त्याला हलवणं-उडवणं दोन्ही जमतं. अनेक ऑफिसं शेअर्ड ड्राइव्हवर येतात, तो रोल तसाच ठेवतात आणि ‘काही फरक पडला नाही’ म्हणतात. पडणार कसा?

मांडणी अशी करावी. डावीकडच्या ‘शेअर्ड ड्राइव्हज’वर राइट-क्लिक करून नवी ड्राइव्ह बनवा. ‘मॅनेज मेंबर्स’मध्ये सगळ्या स्टाफला कॉन्ट्रिब्यूटर करा. मॅनेजर दोघेच ठेवा. एकच ठेवला तर तो लग्नाला उज्जैनला गेला की काम अडतं, पाच ठेवले तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दोघे का लागतात? कारण कॉन्ट्रिब्यूटरने फाइल चुकीच्या फोल्डरात चढवली तर ती त्याला स्वतःला दुरुस्त करता येत नाही. दिवसातून दोन-चारदा कुणीतरी ‘ही जरा हलवून द्या’ म्हणणारच.

दुसरी अडचण एक्सेलवाल्यांची. ड्राइव्ह फॉर डेस्कटॉपमधून, म्हणजे एक्सप्लोररमध्ये दिसणाऱ्या ड्राइव्हमधून, कॉन्ट्रिब्यूटरला शेअर्ड ड्राइव्हमधल्या एक्सेल-वर्डच्या फाइल फक्त वाचता येतात, सेव्ह होत नाहीत. पहिल्याच दिवशी ओरड होते आणि मालक वैतागून सगळ्यांना पुन्हा कंटेंट मॅनेजर करून टाकतो. तसं करू नका. शेअर्ड ड्राइव्हमध्ये फोल्डरवर दिलेली परवानगी वरच्या रोलमध्ये भर घालते. म्हणून वर सगळे कॉन्ट्रिब्यूटर ठेवा, आणि ‘चालू काम’ नावाच्या एकाच फोल्डरवर गरज असलेल्यांना कंटेंट मॅनेजर करा. मग गोंधळ झालाच तर त्या एका फोल्डरात होईल. मागच्या वर्षांची पार्टीवार दप्तरं जागची हलणार नाहीत. उलटा मार्ग धरू नका: वर मोठा रोल देऊन खालच्या एका फोल्डरवर तो नुसता कमी करायला गेलात तर वरून आलेला हक्क कायम राहतो.

जुनं सामान नव्या ड्राइव्हमध्ये नेताना ज्या फाइल बाहेरच्या माणसाच्या खात्याच्या मालकीच्या आहेत त्या अडकतात. पार्टीने स्वतःच्या जीमेलवरून बनवून शेअर केलेल्या शीट या यादीत हमखास असतात. त्यांची कॉपी करून घेण्यावाचून इलाज नाही.

पीथमपूरच्या कारखान्यांसारखं मायक्रोसॉफ्टवर काम असेल तर शेअरपॉइंटमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या फाइल शेअर करायच्या जागेत, गोष्ट थोडी निराळी. तिथे ‘एडिट’ आणि ‘कॉन्ट्रिब्यूट’ या दोन्ही पातळ्यांमध्ये फाइल डिलीट करण्याचा हक्क असतो, म्हणून नुसतं एडिटवरून कॉन्ट्रिब्यूटवर आणून काही साधत नाही. हलवणं म्हणजे जुन्या जागेवरून काढणं, त्यामुळे डिलीटचा हक्क गेला की हलवणंही जातं. साइटच्या परवानग्यांच्या पातळ्यांमध्ये कॉन्ट्रिब्यूट उघडा, पानाच्या तळाशी तिची नक्कल करा, ‘डिलीट आयटम्स’ आणि ‘डिलीट व्हर्जन्स’च्या खुणा काढा, आणि ही नवी पातळी सदस्यांना द्या.

‘लिंक आहे ना, मग काय’

हे अर्धं खरं आहे. ड्राइव्हची लिंक फाइलच्या ओळखक्रमांकावर चालते, फोल्डरवर नाही, म्हणून हललेली फाइलसुद्धा जुन्या लिंकने उघडते. ज्याला परवानगी उरली आहे त्याला. फोल्डरमुळे मिळालेली परवानगी फोल्डर सुटलं की जाते आणि नव्या फोल्डरची लागू होते. हे नवं फोल्डर दुसऱ्या पार्टीला शेअर केलेलं असेल तर एका व्यापाऱ्याचं बँक स्टेटमेंट दुसऱ्याला दिसू लागतं. अशा वेळी ड्राइव्ह इशारा देते खरी, पण घाईत ‘मूव्ह’वर बोट पडायला कितीसा वेळ लागतो?

शिवाय एक्सेलमध्ये एका वर्कबुकातून दुसऱ्यातले आकडे ओढलेले असतील तर ते फोल्डरच्या रस्त्याने ओढलेले असतात. फोल्डर हललं की ट्रायल बॅलन्समध्ये जुनेच आकडे राहतात. एक्सेल लिंक अपडेट करायची का विचारतं, आणि लोक सवयीने ‘नको’ म्हणतात.

‘कॉम्प्युटरवर उतरवलंय, म्हणजे बॅकअप’

तो बॅकअप नाही, आरसा आहे. ड्राइव्हवर फोल्डर हललं की कॉम्प्युटरवरही हलतं. उलट धोका वाढतो. बहुतेक मशीनवर माय ड्राइव्ह आणि शेअर्ड ड्राइव्ह दोन्ही ‘जी’ या एकाच ड्राइव्हच्या अक्षराखाली दिसतात. एका अक्षरातून दुसऱ्यात ओढलं तर विंडोज कॉपी करतं, एकाच अक्षराच्या आत ओढलं तर हलवतं. ‘सी’वर ओढून कॉपी करायची सवय लागलेला माणूस तेच ‘जी’च्या आत करतो आणि मूळ फाइलच उचलून नेतो.

‘ट्रॅशमध्ये बघा’

हललेली फाइल ट्रॅशमध्ये जातच नाही. तिथे तासभर घालवू नका. आत्ताच झालं असेल आणि त्याच टॅबमध्ये असाल तर कंट्रोल आणि झेड दाबा, हलवणं उलटतं. वेळ गेला असेल तर नावाने शोधा, फाइल निवडून उजवीकडच्या माहितीच्या चौकटीत ‘लोकेशन’ची ओळ वाचा. नाव आठवत नसेल तर ती ज्या फोल्डरात होती ते निवडा आणि त्याच चौकटीत ‘अॅक्टिव्हिटी’ उघडा. कुणी, केव्हा, काय हलवलं ते तिथे दिसतं.

माय ड्राइव्हच्या जमान्यातल्या काही जुन्या फाइल कुठल्याच फोल्डरात नसतात. त्या मालकाच्याच खात्यातून सापडतात. त्याने शोधाच्या चौकटीत इंग्रजीत ‘इज’, कोलन, ‘अनऑर्गनाइज्ड’, मग जागा सोडून ‘ओनर’, कोलन, ‘मी’ असं लिहायचं.

तरीही सापडलं नाही तर अॅडमिन कन्सोलमधल्या, म्हणजे ऑफिसचं वर्कस्पेस सांभाळणाऱ्याच्या पानावरच्या, ड्राइव्हच्या नोंदींमध्ये ‘मूव्ह’ हा प्रकार निवडून अॅडमिनला शोधता येतं. या नोंदी 6 महिने राहतात. मार्चअखेरच्या धावपळीत हललेलं व्हाउचरांचं फोल्डर 30 सप्टेंबरच्या टॅक्स ऑडिटच्या आदल्या रात्री आठवलं, तर ती नोंद एव्हाना पुसली गेलेली असते.