लोगो रजिस्टर झाला म्हणजे विषय संपला?

एक मेसेज सध्या जोरात फिरतोय: आलिशान गाड्यांच्या कंपनीनं नाव आणि लोगो एकदा रजिस्टर केला की तो कायमचा, जगभर, तिचाच, दुसऱ्यानं ते नाव पाटीवर लिहिलं तरी खटला. ऐकायला भारी आहे, पण यातलं एकही विधान जसंच्या तसं टिकत नाही.

आधी ‘कायमचा’. बहुतेक देशांत नोंदणी 10 वर्षांची असते, पुढे नूतनीकरण. पण नुसती फी भरून भागत नाही, नाव वापरात लागतं. युरोपात सलग 5 वर्षं वापर नसेल तर नोंदणी रद्द करा म्हणून कोणीही अर्ज करू शकतो. फेरारीवर ही वेळ आली. टेस्टारोसा नावाची गाडी 1991 मध्ये बंद झाली, तिची पुढची मॉडेल्स 1996 मध्ये. मग एका खेळणी कंपनीशी वाद झाला आणि 2017 मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या कोर्टानं नोंदणी रद्द करायचा निकाल दिला. फेरारी वरच्या कोर्टात गेली. 2020 मध्ये युरोपीय न्यायालय म्हणालं, कंपनी त्याच नावानं जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकत असेल, सर्व्हिसिंग करत असेल, तर तोही वापरच. म्हणजे शोरूममधून गेलेलं नाव वर्कशॉपच्या बिलांवर तगू शकतं!

‘जगभर’चं तर विचारूच नका. हक्क देशागणिक वेगळा. पोर्शेच्या 901 या गाडीच्या नावाला फ्रान्समध्ये प्यूजो या कार कंपनीनं हरकत घेतली, कारण मधे शून्य असलेले तीन आकडी क्रमांक त्यांचे. म्हणून 1964 मध्ये 901 ची 911 झाली.

‘तिचाच’? 1998 मध्ये फोक्सवॅगननं 43 कोटी पौंड मोजून रोल्स-रॉइसचा गाड्यांचा कारखाना घेतला. बॉनेटवरची मूर्ती आली, समोरची जाळी आली, पण नाव आणि दुहेरी ‘आर’ विमानांची इंजिनं बनवणाऱ्या वेगळ्याच कंपनीकडे होते. तिनं ते 4 कोटी पौंडांत बीएमडब्ल्यूला वापरायला दिले.

राहिली पाटी. स्वतंत्र गॅरेजवाला ‘इथे बीएमडब्ल्यू दुरुस्त होते’ असं लिहू शकतो, अधिकृत असल्याचा आव आणला नाही म्हणजे झालं. युरोपीय न्यायालयानं हे 1999 मध्येच मान्य केलंय. सुट्या भागांवर मात्र सांभाळून. ऑडीला बसणाऱ्या जाळीत चार कड्यांच्या आकाराची खाच होती, वर लोगो नव्हताच. तरीही, खाच लोगोशी मिळतीजुळती असेल तर ऑडी विक्री अडवू शकते, असं त्याच न्यायालयानं 2024 मध्ये सांगितलं.