वासुदेवाचं नाक का झिजवलं?

सर, नमस्कार. कागदाच्या लगद्याच्या वासुदेवाच्या बाहुलीवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही तीन गोष्टी सुनावल्यात. नवी बाहुली घासून जुनी दाखवणं ही फसवणूक, पेपरमॅशे, म्हणजे हे लगद्याचं काम, मुळात आपलं नव्हेच, आणि खळीत मोरचूद घालायला सांगणं हा पोरांच्या जिवाशी खेळ. आयुष्यभर चित्रकला शिकवलेल्या माणसाचं बोलणं आहे, तेव्हा नुसतं ‘धन्यवाद सर’ लिहून सुटायचं नाही.

मोरचुदाचं तुमचं म्हणणं मान्य. कीड-बुरशी लागू नये म्हणून बुकबाइंडर ते घालत, ती जुनी रीत मी सहज लिहून गेले, पण ते विष आहे आणि घरात लहान मुलं हात बरबटून लगदा मळतात. ती ओळ काढून टाकली आहे. मैद्याची खळ ताजी करायची आणि वस्तू खडखडीत वाळवायची, एवढ्यावर भागतं. पुण्याच्या पावसाळ्यात नुसतं वरून कोरडं दिसण्यावर जाऊ नये. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करते. लागोपाठ दोन दिवस तेवढंच भरलं की मगच रंगाला हात. जुलैत एकदा घाई केली होती, तर रंगाखालून बुरशी वर आली.

परकेपणाचं मात्र पटलं नाही. नाव फ्रेंच आहे, कबूल. पण काश्मीरमध्ये सख्तसाजी आणि नक्काशी, म्हणजे घडवणं आणि रंगवणं, अशी वेगळी कामं करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. तेही लांबचं वाटत असेल तर आमच्या आजीचं सूप बघा. रद्दी भिजवायची, त्यात भिजवलेली मेथी वाटून घालायची आणि सुपाच्या फटी लिंपायच्या. तिला पेपरमॅशे म्हटलं असतं तर ती हसली असती. आणि आपल्या कसब्यात कागदीपुरा आहे, तिथे पूर्वी हातकागद बनायचा. कागद पुण्याला नवा नाही.

आता जुनेपणा. चहाच्या पाण्याच्या युक्त्या मलाही आवडत नाहीत; सगळीकडे सारखाच तपकिरी डाग, जणू बाहुली कपात पडली. खरी जुनी वस्तू अशी दिसत नाही. हात लागतो तिथे रंग उडतो आणि हात पोचत नाही तिथे मळ बसतो. म्हणून मी वासुदेवाच्या नाकाचा शेंडा, टोपीचं टोक आणि टाळ धरलेली बोटं तेवढीच बारीक पॉलिश पेपरने घासली, खालचा खडूचा पांढरा थर डोकावेपर्यंत. अंगरख्याच्या चुण्यांत बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी तेलरंग भरला आणि लगेच चिंधीने पुसला, चुण्यांत राहिला तेवढाच ठेवला. हे सोंग आहे, नाही म्हणत नाही. पण प्रत्येक बाहुलीच्या तळाशी केल्याचं साल लिहिलेलं असतं, विकतानाही बाहुली उलटी करून ते दाखवते. नाटकातला म्हातारा पांढरे केस लावतो, त्याला आपण फसवणूक म्हणत नाही ना?

बाकी, एक चूक तुमच्याही नजरेतून सुटली. शेल्यात पावा खोचायचा राहून गेलाय. उदबत्तीच्या काडीवर कागद गुंडाळून केला आहे, अजून ओला आहे.