चटणीच्या हंगामात फिरणारा मेसेज: दहापट विष आणि परदेशी लवंग

चटणी कुटायच्या डंकावर नंबर लावून बसलेल्या एका काकींनी परवा मोबाइल पुढं केला. मेसेज असा होता: ‘भारतानं मसाल्यातल्या विषाची मर्यादा दहापट वाढवली, म्हणून हाँगकाँगनं आपले मसाले अडवले. परदेशी लवंग-खसखस घ्या, ती शुद्ध असते. देशी माल दोन दिवस उन्हात टाका, विष उडून जातं.’ काकींच्या पिशवीत ब्याडगी, संकेश्वरी मिरची आणि वर्षभराच्या चटणीचा सगळा खडा मसाला होता. ‘आता ह्याचं काय करू?’ म्हणाल्या.

आधी हाँगकाँग. तिथली घोषणा ५ एप्रिल २०२४ ची आणि मर्यादा वाढवणारा आपल्या एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, आदेश ८ एप्रिलचा. मग ‘म्हणून’ कुठून आलं? शिवाय तिथं सापडलं ते इथिलीन ऑक्साइड. तो शेतातला फवारा नव्हे. जंतू मारायला बंद खोलीत मसाल्याला देतात तो वायू आहे, आणि त्यानं कॅन्सर होतो हे सिद्ध झालंय. त्याच्याबाबत ‘परदेश’ही एक नाही: युरोपात मसाल्याला किलोमागं ०.१ मिलिग्रॅमची मर्यादा, तर अमेरिकेत ७.

दहापटीची गोष्ट खरी आहे, पण अर्धी. किलोमागं ०.०१ वरून ०.१ मिलिग्रॅम झालं ते भारतात नोंदणीच नसलेल्या कीटकनाशकांसाठी. नोंदणी असलेल्या औषधांच्या मर्यादा पिकागणिक वेगळ्या असतात. ओली मिरची वाळली की वजन चौथाईवर येतं आणि अवशेष एकवटतो, त्यामुळं वाळल्या मालाला थोडी ढील समजू शकते. तरी ज्या औषधाला इथं परवानगीच नाही, त्याला दहापट सूट का, हे सरकारनं आपल्याला समजेल अशा भाषेत सांगायलाच हवं होतं.

आता हीच सूट लवंगेला लावून बघा. इथं नोंदणी नसलेलं औषध कायदेशीर वापरलं जाणार ते बाहेरच्याच शेतात. म्हणजे मादागास्करची लवंग, व्हिएतनामची दालचिनी, तुर्कस्तानची खसखस यांनाच ह्या सुटीचा जास्त उपयोग. मेसेज सांगतो त्याच्या नेमकं उलटं! बंदरावर कागद बघतात, माल बघतात, जोखीम बघून नमुने प्रयोगशाळेत पाठवतात. प्रत्येक गोणी तपासली जात नाही.

आणि ऊन. उन्हानं ओल जाते, बुरशी लागत नाही, म्हणून वाळवायचंच. पण आत मुरलेलं औषध दोन दिवसांत निघत नाही. इथिलीन ऑक्साइड उडालं तरी त्यापासून झालेलं क्लोरोइथेनॉल मागं राहतं, म्हणून युरोप दोन्ही मिळून मोजतो.

काकींना म्हटलं, मिरची फेकू नका. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात सुटी लवंग घेताना मात्र दुकानदाराला मूळ गोणीवरचं लेबल दाखवायला सांगा: कुठल्या देशाचा माल, आयातदार कोण, परवाना नंबर काय. त्यांनी ते तिथंच मिरचीच्या पावतीमागं लिहून घेतलं.