बर्गचे चार तुकडे अर्धवट नाहीत

ऑस्ट्रियन संगीतकार आल्बान बर्गने 1913 मध्ये क्लॅरिनेट आणि पियानोसाठी चार छोटे तुकडे लिहिले. त्यांच्याबद्दलचा एक मजकूर सध्या हातोहात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: यात सुरावट नाही, कुठेही बोट ठेवलंय, लांब लिहिता येईना म्हणून आठेक मिनिटांत उरकलं, आणि व्हिएन्नाच्या श्रोत्यांनी दंगा करून हा प्रकार तेव्हाच बंद पाडला.

आधी दंग्याचं. दंगा झाला होता हे खरं, पण 31 मार्च 1913 ला, आणि बर्गच्या गाण्यांवर. पोस्टकार्डांवरच्या मजकुरांवर बांधलेली ती वाद्यवृंदाची गाणी होती. पोलीस आले आणि बर्गचा गुरू, संगीतकार शोनबर्ग चालवत असलेला तो कार्यक्रम अर्ध्यावर थांबला. क्लॅरिनेटचे तुकडे लोकांसमोर आले 17 ऑक्टोबर 1919 ला, शोनबर्गनेच काढलेल्या एका खासगी मंडळात. तिथे टाळ्यांना बंदी होती, शिट्ट्यांनाही, आणि समीक्षकांना प्रवेशच नव्हता. त्या सभागृहात दंगा होणार कसा?

दुसरा आक्षेप, 'काहीही वाजवलंय'. याचं उत्तर दुसऱ्या तुकड्यात आहे, कारण तो अगदी हळू चालतो आणि जेमतेम नऊ बारांचा, म्हणजे नऊ आवर्तनांसारख्या छोट्या मापांचा आहे. पियानो डी आणि एफ शार्प हे दोन पाश्चात्त्य स्वर एकत्र धरून पुन्हापुन्हा वाजवतो. डी ला सा मानलं, तर हे सा आणि शुद्ध गंधार. आपल्या कानाला याहून ओळखीचं काय असेल? त्यावर क्लॅरिनेटची ओळ येते आणि ती या जोडीशी जुळत नाही. जुळत नाही म्हणूनच सा-गंधाराची ती साधी जोडी आपल्याला इतकी एकाकी वाटते. मी हा तुकडा कितीदा ऐकला असेन, तरी दरवेळी श्वास रोखला जातो. शोनबर्गच्या 1911 च्या सहा छोट्या पियानो-तुकड्यांतल्या दुसऱ्यातही असाच एक गंधार टिकटिकत राहतो, तो जी-बी चा. शिष्याने गुरूकडून घेतलेली गोष्ट आहे ही, बोट घसरून लागलेली नव्हे.

क्लॅरिनेटवाल्याला जीभ थरथरवत फुंकण्याच्या सूचना आहेत, प्रतिध्वनीसारख्या मंद स्वराच्या आहेत, आणि आवाज कुठे किती असावा हेही बारकाईने लिहिलेलं आहे. ज्याला काहीही चालतं, तो हे कशाला लिहील?

राहिली लांबी. बड्या ख्यालावर वाढलेल्या कानांना हे लगेच संपल्यासारखं वाटतं, ते मला कळतं. पण बर्गचा शिष्य अदोर्नो याने या चार तुकड्यांत अख्ख्या सोनाटाचा, म्हणजे अनेक भागांच्या मोठ्या वाद्यरचनेचा, सांगाडा दाखवला: पहिला भाग, संथ भाग, झपाट्याचा तिसरा आणि शेवटचा. चौथा तुकडा तर हळू, दबक्या आवाजात सुरू होऊन पियानोच्या पूर्ण ताकदीपर्यंत चढतो. आणि ज्याला लांब लिहिता येत नव्हतं म्हणतात, त्याने 1910 मध्येच एक स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांची रचना) पूर्ण केलं होतं. मे 1914 मध्ये त्याने जर्मन नाटककार ब्यूखनरचं नाटक रंगभूमीवर पाहिलं. त्यावरचा त्याचा तीन अंकी ऑपेरा 'वोत्सेक' 14 डिसेंबर 1925 ला बर्लिनमध्ये उभा राहिला.