नाक वर करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

पिकअप घेतलीत? अभिनंदन. आता ती कंपनीनं दिली तशीच चालवायची म्हणजे वरातीत घरातल्या चपला घालून नाचण्यासारखं झालं. इंदूरच्या छप्पन दुकानवर पोहे खाणारा एक माणूस मान वळवून बघणार नाही. तेव्हा गाडी पुढून दोन इंच उचला आणि टायर मोठे चढवा. परवा रात्री राऊपासून राजेंद्रनगरपर्यंत अशाच एका नाक वर केलेल्या पिकअपचे दिवे माझ्या तिन्ही आरशांत ठाण मांडून होते. त्या अनोळखी भियांच्या (इंदुरी भाऊंच्या) सन्मानार्थ हे मार्गदर्शन.

श्रीगणेशा कंपनीच्या इंजिनिअरांना मूर्ख ठरवून करावा. गाडीचं बूड नाकापेक्षा वर ठेवतात म्हणजे काय! ते म्हणतील की मागं कमानीचे पाटे आहेत, हौद्यात माल पडला की पाटे दबतात आणि गाडी सपाट होते, म्हणून रिकामी असताना मागून उंच दिसते. ऐकू नका. तुमच्या हौद्यात घडीच्या दोन खुर्च्या आणि एक थर्मास याहून जड काही पडत नाही. पुढं कधी मामांच्या घराच्या फरश्या देवास नाक्यावरून आणायची वेळ आली आणि गाडी विमानासारखी उड्डाणाच्या तयारीत दिसली, तर तेवढ्यापुरतं मामांना दोष द्यावा.

गाडी उचलायचं किट घेताना गणित सोपं ठेवा: दोन इंच उचलायची आहे ना, मग शॉकअपच्या डोक्यावर दोन इंच जाडीची चकती, म्हणजे स्पेसर. शॉकअप खालच्या आर्मच्या मध्येच कुठंतरी टेकलेला असतो, चाक आर्मच्या टोकाला असतं, त्यामुळं शॉकअपवरचा एक इंच चाकापाशी दीडपट ते जवळजवळ दुप्पट होतो, असली कटकट शाळेत तरफेच्या धड्याला गैरहजर राहिलेल्यांनी करू नये. दोनाचे साडेतीन झाले तर फुकट मिळाले म्हणायचे. वरच्या आर्मचा बॉल जॉइंट टोकाला जाऊन अडतो. एक्सलचा सांधा इतका तिरपा फिरतो की रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासून फाटतात. ग्रीस बाहेर, आपली माळव्याची काळी माती आत. महिना-दोन महिन्यांत वळताना पुढून टक्-टक् ऐकू येऊ लागेल. गाण्याचा आवाज वाढवा.

स्प्रिंग दाबायचं धड साधन ज्याच्याकडे नाही, त्याच कारागिराकडे जा. त्याच्याकडे पहार आहे, वीस वर्षांचा अनुभव आहे आणि अजून आठ बोटं शिल्लक आहेत.

आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर, चाकं हवेत लोंबकळत असतानाच करकचून आवळून घ्यावेत. नाहीतर काय, ते आधी हातानं बसवा, चाकं जमिनीवर टेकवा, गाडी दोन-चारदा दाबून बसू द्या आणि मग टॉर्क पान्यानं कंपनीच्या आकड्याला आवळा, एवढा वेळ कुणाला आहे? आर्मच्या सांध्यातल्या बुशचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. चाक लोंबत असताना नळी आवळली की रबर त्याच स्थितीला सरळ समजतं, गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं आणि काही हजार किलोमीटरांत फाटतं. मग "आजकालचे पार्ट तकलादू" हे वाक्य तयार ठेवा.

ब्रेकची होज आणि एबीएसची वायर चाक पूर्ण खाली सोडल्यावर ताणते का, हे बघू नका. ताणली तर कळेलच.

आता टायर. इसुझूच्या व्ही-क्रॉस पिकअपवर २५५/६० आर १८ येतात, म्हणजे चाकाची उंची साधारण ७६३ मिलिमीटर. त्याजागी २७५/६५ आर १८ घातले की ८१५. बावन्न मिलिमीटर! मित्रांना हाच आकडा सांगा. गाडीचं पोट जमिनीपासून उचललं गेलं फक्त सव्वीस, कारण उरलेले सव्वीस एक्सलच्या वर मडगार्डात शिरतात, हे सांगू नका. स्पीडोमीटर पावणेसात टक्के मागं पडतो, तेव्हा काट्यानं ८० दाखवलं की तुम्ही ८५ वर असता. कॅमेऱ्याला हे समजावून सांगता येईल. किलोमीटरही तेवढेच कमी मोजले जातात: मीटरवर १०,००० होतात तेव्हा गाडी सुमारे १०,६७५ पळालेली असते, त्यामुळं ॲव्हरेज कागदावर आपोआप घसरतं. वर टायर जड आणि खडबडीत असल्यानं ते खरंही घसरतं. यातलं खोटं किती आणि खरं किती हे वेगळं काढायच्या भानगडीत न पडता पेट्रोलपंपवाल्याला शिव्या द्याव्यात. जड चाक थांबवायला ब्रेक मात्र तेच जुने. बाजूवर ११२ वगैरे लोड इंडेक्सचा आकडा असतो (११२ म्हणजे एका टायरला १,१२० किलो). जुन्यापेक्षा कमी आकडा मिळाला तर स्वस्त पडेल, घ्या.

टायर घासतं का, हे दुकानाच्या सपाट लादीवर, स्टिअरिंग सरळ ठेवून तपासायचं. घासत नाही! कारागीर म्हणेल, "भिया, मख्खन." त्याला कुणी विचारत नाही, कारण उत्तर त्यालाही ठाऊक आहे, की स्पेसरनं गाडी उभी असतानाची उंची वाढते, पण खड्ड्यात चाक पूर्ण वर गेलं की ते पूर्वी जिथं जायचं तिथंच जातं. चाकाला वर जाताना अडवणारा बंप स्टॉप तसूभर हललेला नाही. मडगार्डाच्या आतली जागा तीच आणि टायर पाच सेंटिमीटर वाढलेलं. तेव्हा खरी तपासणी म्हणजे एक पुढचं चाक रॅम्पवर चढवून दाबायचं, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवायचं, रिव्हर्समध्येही, आणि टॉर्च घेऊन मडफ्लॅप, आतलं प्लास्टिक, मागची पत्र्याची शिवण, अँटिरोल बार बघायचे. हे सगळं टाळून थेट जाम गेटचा घाट उतरावा. पहिल्याच अवघड वळणावर खड्डा आला की अहवाल मिळेल.

बाहेर निघालेले रुंद अलॉय शोभतात. बेअरिंगला विचारू नका.

स्टेपनी जुनीच राहू द्या. मोठी खाली मावतही नाही. पंक्चर झालं, मागं एका बाजूला लहान चाक लागलं आणि चिखलात फोर बाय फोर टाकलात, तर पुढच्या-मागच्या चाकांचा फरक गिळायला मध्ये डिफरन्शियलच नसलेली, दोन्हीकडे ताकद वाटणारी ट्रान्सफर केस जे काही बोलते ते कान देऊन ऐका.

अलाइनमेंट? नवीन टायर आहेत, सरळच असणार.

कायद्याची काळजी नको. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बेकायदा बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी सोय करून ठेवली. पण चौकात कुणी टेप लावून मोजत नाही. मोजायला येतो तो विमा कंपनीचा माणूस, तोही अपघातानंतर.

आणि आता मुख्य सल्ला: दिव्यांना हात लावू नका. बाकी सगळं खोला, उचला, बदला, पण हेडलाइटचा तो एक स्क्रू, तो पवित्र आहे.

कारण त्यामागं फार सुंदर भूमिती आहे. डिपरचा झोत कंपनी साधारण एक टक्का खाली रोखून देते, म्हणजे दहा मीटरला दहा सेंटिमीटर. दिवा जमिनीपासून ९५ सेंटिमीटरवर धरला तर तीस मीटरवर झोताची वरची कड ६५ वर येते. पुढच्या गाडीची नंबरप्लेट दिसते, आतला माणूस सुखात असतो. आता पुढून ५ सेंटिमीटर उचला. गाडीचा व्हीलबेस सुमारे ३१० सेंटिमीटर. पाच भागिले तीनशेदहा म्हणजे १.६ टक्के. गाडी तेवढी मागं कलली, दिवेही कलले. उणे एकचे अधिक ०.६ झाले. झोत आता खाली जातच नाही, तो वर चढतोय! टायर आणि स्पेसर मिळून दिवा सुमारे १०३ वर आलेला, त्यात तीस मीटरवर आणखी १८ जमा, म्हणजे १२१. लहान मोटारीत बसलेल्या माणसाचे डोळे साधारण तेवढ्याच उंचीवर असतात. कड तिथं, म्हणजे त्याखालचा अख्खा झोत त्याच्या आरशांत, काचेत, मानेवर. हा डिपर आहे बरं का. अपर अजून लावलेलाच नाही. त्यात हौद्यात मामांच्या फरश्या पडून मागून आणखी ५ सेंटिमीटर बसली, की पुन्हा १.६. मग तुम्ही रस्ता उजळत नाही, बायपासवरच्या होर्डिंगचा मजकूर वाचता. आणि यावर समाधान नाही म्हणून हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये पांढराफटक एलईडी बल्ब कोंबायचा, ज्याचा प्रकाश त्या वाटीत नेमका कुठं पडावा याचा विचार कुणी केलेलाच नाही! आणि बंपरवर एलईडीची पट्टी! ती शहरात, भंवरकुआँच्या गर्दीत, सुरू! समोरून स्कूटरवर बाई येतेय, पुढं पोरगं उभं आहे, तिला दुभाजक दिसत नाही, खड्डा दिसत नाही, ती एक हात डोळ्यांवर धरते. एका हातानं स्कूटर चालवते ती, तुमच्या दोन इंचांसाठी.

बास झाला उपरोध. सरळ सांगतो.

अहो, दहा मिनिटांचं काम आहे. किट लावण्याआधी गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून साडेसात मीटरवर उभी करा. नेहमीची हवा, टाकी अर्धी, सीटवर तुमच्या वजनाचा माणूस. डिपर लावा, कड कुठं पडते तिथं भिंतीवर चिकटपट्टी लावा. किट आणि टायर बसले, अलाइनमेंट झाली, की त्याच जागी या. दिव्याच्या मध्याची नवी उंची मोजा, त्यातून साडेसात सेंटिमीटर वजा करा, तिथं दुसरी पट्टी लावा आणि दिव्यामागचा स्क्रू फिरवून कड तिच्यावर आणा. दोन्ही दिवे, एकेक झाकून. डॅशबोर्डवर दिव्यांचा झोत खाली-वर करणारी ० ते ३ ची चकती असेल तर हे सगळं ० वर करा. माल भरल्यावर आकडा वाढवा, ती त्यासाठीच दिली आहे, बोटाला चाळा म्हणून नाही. शंभर किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा आवळा, पाचशेवर आर्मचे बोल्ट बघा. स्प्रिंग बसली असेल तर भिंतीपाशी परत या.

किटला हजारो घातलेत, चार टायरांना त्याहून जास्त, आणि चिकटपट्टीच्या वेळी हात आखडलात. दुकानदारानं सांगितलं नाही म्हणता? टायर किती इंचाचं दिसेल हे चार वेळा विचारलंत, दिव्यांचं एकदा विचारायचं होतं. समोरून दिव्यांची उघडझाप करून लोक सांगत असतात, तुम्हाला वाटतं गाडी आवडली. नाही आवडली. आज रात्री गाडी काढण्याआधी भिंत शोधा. तोवर बायपासला येऊ नका.