जात्याशिवाय ओवी येत नाही

गंगाखेडला आमच्या घरी टेप आला तेव्हा मी सातवीत होतो. वडिलांनी त्याच्यासोबत एकच कॅसेट आणली होती, पंडित भीमसेन जोशींच्या अभंगांची. लाईटचा भरवसा नसायचा, म्हणून सेलवर ऐकायचो. सेल उतरले की आवाज जड व्हायचा. मग ते दिवसभर उन्हात ठेवायचे आणि रात्री पुन्हा घालायचे. वर्षभर ती एकच कॅसेट वाजली. 'तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल' लागलं की आजीच्या हातातली माळ थांबायची. चाल राम फाटकांची, हे मला फार उशिरा कळलं. आजीला मात्र एवढं पक्कं ठाऊक होतं की अभंग नामदेवांचा, नामदेव नरसीचे, आणि त्यांच्या घरची जनी तर आपल्या गंगाखेडची. "आपल्याच घरातलं गाणं हाय ते," म्हणायची.

पुढे शिकायला औरंगाबादला आलो. खोलीवरच्या उदगीरच्या मित्राकडे गायिका किशोरीताई आमोणकरांच्या भूप रागाची कॅसेट होती. एका बाजूला भूप, दुसरीकडे बागेश्री. भूपात मध्यम नाही, निषाद नाही. पाच स्वरांचा राग. पण ताई गंधारावर येऊन थांबल्या की वाटायचं, आता आणखी एकही स्वर नको. मित्र कॅसेट पुढे ढकलू द्यायचा नाही. "पहिल्यापासून ऐकायचं नसंल तर ऐकू नको," असा त्याचा नियम. तो नियम मी आजही पाळतो. मोबाईलवर अर्ध्या मिनिटात राग बदलणारी माणसं बघितली की मला खरंच वाईट वाटतं. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, गवई जे सावकाश उभं करतो, ते पुढे ढकलल्यावर सापडतच नाही.

कुमार गंधर्वांकडे मात्र मी वेगळ्याच वाटेने आलो. क्षयामुळे १९४८ मध्ये ते देवासला गेले. गाणं बंद होतं. अंथरुणावर पडल्यापडल्या माळव्यातल्या बायकांची गाणी, लोकधुना त्यांच्या कानावर पडत राहिल्या, आणि उठल्यावर त्यांनी त्यांतून राग उभे केले. हे वाचलं त्या दिवशी मी कबीराची निर्गुणी भजनं पुन्हा लावली आणि पहिल्यांदा मला आमच्या गल्लीतल्या, दळताना गाणाऱ्या बाया आठवल्या. त्यांच्याकडे मी गाणं म्हणून कधी बघितलंच नव्हतं.

समोर बसून ऐकलेल्या गाण्यांत माझ्यासाठी सगळ्यात वर पंडित नाथराव नेरळकर. नांदेडचे, अण्णासाहेब गुंजकरांचे शिष्य, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळालेले. २०२१ मध्ये ते गेले. मी ऐकलं ते एका छोट्या सभागृहात. निम्म्या खुर्च्या रिकाम्या, मागे पंख्याची खरखर. त्यांनी ख्याल असा मांडला, जणू घरी आलेल्या पाहुण्याला एकेक खोली दाखवावी. मोठमोठ्या शहरांतले मोठमोठे महोत्सव ऐकलेत, पण तानपुऱ्याइतका जवळून माणूस ऐकायला मिळाला तो इथेच.

आणि नांदेडचंच दुसरं. सचखंड गुरुद्वाऱ्यात एकदा पहाटे गेलो होतो. रागी, म्हणजे तिथले कीर्तनकार, कीर्तन करत होते, पेटी आणि तबला. भाषा निम्मीअर्धीच कळत होती. पद संपता संपता 'नामा' ही सही कानावर आली आणि अंगावर काटा आला. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, हे मी वाचलेलं होतं. पण वाचणं वेगळं. आजीच्या टेपमधला तोच नामा इथे पंजाब फिरून, दुसऱ्या चालीत, दुसऱ्या बोलीत गोदावरीच्याच काठावर परत आला होता. मी खांबाला टेकून उजाडेपर्यंत बसून राहिलो.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते सांगतो. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि त्यांच्या कामामुळे गंगूबाईंचा आवाज ध्वनिमुद्रित होऊन राहिला. आज तो इंटरनेटवर ऐकता येतो. सीता वनात रडतेय आणि बोरी-बाभळी तिची समजूत काढतायत, असं त्या गातात. बोरी-बाभळी! आमच्या माळावर दुसरं आहे तरी काय? साथ नाही, तानपुरा नाही. एकच आवाज, आणि त्यात असं काही तुटलेलं की मला सलग दुसऱ्यांदा ऐकवत नाही. भूपाच्या शेजारी मी हे ध्वनिमुद्रण ठेवतो. कुणाला हे अति वाटेल, पण मी पूर्ण विचार करून ठेवतो.

माझी तळमळ एवढीच आहे की एक गंगूबाई मुद्रित झाल्या आणि बाकीच्या तशाच गेल्या. रात्रभर संबळावर गोंधळ उभा करणारे गोंधळी, सप्ताहात पहाटेच्या काकड्याला ज्यांचा आवाज वेशीपर्यंत जायचा ते म्हातारे, यांतल्या किती जणांचं गाणं आपल्यापाशी आहे? माझ्या आजीचं माझ्याकडे एक अक्षर नाही. घरात टेप होता, कोरी कॅसेट होती, लाल बटण होतं. तिलाच आम्ही दुसऱ्यांची गाणी ऐकवत राहिलो.

म्हणून गेल्या दिवाळीत आईसमोर मोबाईल धरला. "ओव्या म्हण." ती दोन ओळी बोलली आणि अडली. पुन्हा अडली. म्हणाली, "अरे, जात्याबिगर ओवी कशी येईल? खुंटा हातात पाहिजे." मागच्या पडवीत पालथं पडलेलं जातं काढलं, धुतलं, वाळवलं. मूठमूठ जोंधळे ती घालत गेली. पाळ फिरली आणि तिचा आवाज जणू दुसऱ्याच कुणाचा असावा तसा वर आला. तिच्या माहेरचा, तिच्या आईचा. मी ऐकलेली कुठलीच मैफल यापुढे उभी राहत नाही.

अकरा मिनिटांचं ध्वनिमुद्रण आहे. मध्येच शेजारची शेळी ओरडते, एकदा मी खोकतो. सातव्या मिनिटाला ती थांबून विचारते, "चालू हाय का रे ते?" आणि मी म्हणतो, "चालू हाय, तू म्हण."