काकांचा पांढरा ठिपका

सकाळी सकाळी डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

फॅमिली ग्रुपवर एक रील आलं. चाळीस सेकंदांचं. मागे ढोल, वर लाल अक्षरांत ‘मराठ्यांनी तुर्कांना पाणी पाजलं!’ खाली दंडाच्या इमोजींची रांग. आवाज ज्या लेखकाचा, त्याचं मूळ भाषण मी दोनदा ऐकलंय. पावणेदोन तासांचं आहे. विषय पहिल्या महायुद्धातला, मेसोपोटेमियातला म्हणजे आजच्या इराकमधला कुटचा वेढा. त्यात पाणी कुणी कुणाला पाजत नाही हो. माणसं उपाशी मरतात त्यात.

७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. इंग्रजांच्या हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन, तिच्यात आपल्या मराठा पलटणी, टायग्रिस नदीच्या वळणात तुर्कांनी कोंडलेल्या. सोडवायला निघालेल्या फौजेचीच तेवीसएक हजार माणसं कामी आली किंवा जखमी झाली, तरी ती पोचली नाही. शेवटी विमानातून पोती टाकली, काही थेट नदीत गेली. घोडे कापायची वेळ आली, तर आपल्या कितीतरी शिपायांनी बरेच दिवस ते मांस तोंडाला लावलं नाही. जवळजवळ पाच महिन्यांनी शरणागती, तेराएक हजार कैदी. हा लेखक तोफांवर पाच मिनिटं बोलतो आणि रेशनच्या हिशेबावर अर्धा तास. रीलवाल्याने नेमकी ती पाच मिनिटं उचलली, त्यातलीही चाळीस सेकंद!

आमचे थोरले काका एकाहत्तरला सैन्यात ट्रक चालवायचे. सप्लायचे. लहानपणी मी विचारायचो, “काका, लढाई कशी होती?” ते म्हणायचे, “मी ठिपका बघितला.” रात्री ताफा निघाला की हेडलाइट बंद. पुढच्या गाडीच्या मागच्या आसाला मधोमध तो गोल फुगवटा असतो ना, त्याला पांढरा रंग मारलेला, त्यावर खालच्या खाली एक मिणमिणता दिवा. रात्रभर त्या ठिपक्याकडे बघत गाडी हाकायची. डोळा लागला की संपलं.

बरं, रील बघून दोन पोरं मूळ भाषणाकडे वळत असतील, मान्य. आणि हा लेखकही पाल्हाळ लावतो, तेही मान्य. पण त्या पाल्हाळातच तर सगळं आहे! रेशन कमी केल्याचा आकडा सांगून तो मध्येच गप्प होतो, माइकवर नुसता कागद सरकल्याचा आवाज येतो. ते पुस्तकात मिळत नाही. आणि लोक हे दुप्पट वेगाने ऐकतात. डोंबल ऐकतात.

ग्रुपवर मी चार ओळी खरडल्या. उत्तर आलं, ‘तुला कशाचाच अभिमान नाही.’ काकांचा ठिपका ह्यांना कसा दाखवू?

म्हणून दुपारी जुना फोन चार्ज केला. काका जायच्या आधीच्या वर्षी मी त्यांचं एक रेकॉर्डिंग केलं होतं. चांगलं तासाभराचं असेल असं इतकी वर्षं वाटत होतं. निघालं तीन मिनिटं अकरा सेकंदांचं. काका पांढऱ्या रंगाचं सांगतायत, तो कोण मारायचा, पावसात कसा उडायचा, एकदा पुढच्या गाडीचा दिवाच गेला तेव्हा... आणि मध्येच माझा आवाज. “ते राहू दे काका, लढाईचं सांगा ना.”

मग बराच वेळ पंख्याचा आवाज येतो.

“लढाईचं काय सांगू,” म्हणाले, आणि मी रेकॉर्डिंग बंद केलेलं आहे.